नागलिंग स्वामींचा अंगठा

नागलिंग स्वामींना पूजेला बोलवा, जेवायला बोलवा, नाहीतर नुसतं ओट्यावर चहाला बोलवा, ते लगेच हो म्हणत नसत. "थांब अक्का, अंगठ्याला विचारतो," म्हणायचे. मग मान खाली घालून उजव्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायचे. मध्येच "बरं, बरं" म्हणायचे. अंगठा काय बोलायचा ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही, पण त्याचा शब्द शेवटचा असे. अंगठा नाही म्हणाला की खुद्द कलेक्टर न्यायला आले असते तरी स्वामी जागचे हलले नसते.

आमची गल्ली लातूरची, बहुतेक घरं आम्हा लिंगायत दुकानदारांची. स्वामी आमचे जंगम. जन्मलेल्या लेकराच्या गळ्यात लिंग बांधण्यापासून माणूस मातीत ठेवण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातून व्हायचं. मूळचे मुखेडकडचे. लहानपणीच आईबापांनी मठाला दिलेले, म्हणून बायको नाही, लेकरू नाही. गल्लीच्या टोकाला मठाची खोली होती, तिथं एकटे राहायचे. दुसऱ्या गल्ल्यांतले जंगम आम्ही बघितलेत. आमच्या स्वामींची सर एकालाही नव्हती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तर त्या अंगठ्याला वातरक्त होतं. डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात. अंगठा सुजून वांग्यासारखा व्हायचा आणि माशी बसली तरी स्वामी कोकलायचे. आता आमच्यात श्रावणातल्या सोमवारी जंगमाला घरी बोलावतात, त्याचे पाय परातीत घेऊन धुतात, विभूती-बेल वाहतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. म्हणजे ज्या पायाला वाराही सोसत नाही, तोच सगळ्या गल्लीनं चोळून धुवायचा. देवानं माणूस बघूनच दुखणं दिलं होतं.

त्याच सुमारास लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. पेढे वाटले, पाट्या बदलल्या, साहेबांच्या जीपा धुरळा उडवायला लागल्या. नळाला पाणी होतं तितकंच राहिलं. स्वामींना मात्र दुखणं सांगायची रीत सापडली. नुसता अंगठा धरला असला की म्हणायचे, "आज तालुक्यापुरतंच हाय." सूज घोट्यापर्यंत चढली की, "जिल्हा झाला बघ, अक्का." एकदा गुडघाही धरला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं विचारलं, "मग आता मुंबईला कळवायचं का?" स्वामी कण्हता कण्हता हसले.

औषधाच्या बाबतीत त्यांच्याइतका गर्विष्ठ माणूस मी पाहिला नाही. खोलीसमोरच्या कडुनिंबावर त्यांनी स्वतः गुळवेल चढवली होती. कुणी बाभळीवरची आणून दिली तर हातही लावायचे नाहीत. "गुळवेल कडुनिंबावरचीच. बाकीच्या नुसत्या दोऱ्या." तिचं कांड ठेचून भिजत घालायचे आणि सकाळी ते कडूजहर पाणी तोंड वाकडं न करता प्यायचे. आम्ही बघतोय का, तेही बघायचे. निर्गुंडीचा पाला उकळून त्या पाण्यात पाय सोडायचे आणि पाणी निवलं की कडुनिंबाच्या आळ्यात ओतायचे. "त्याचं त्याला परत." एरंडाचं पान तव्यावर शेकून, एरंडेल लावून अंगठ्यावर बांधायचे.

औषधांची पारख ते दुकानातल्या नोकरांची करावी तशी करायचे. "निर्गुंडी इमानदार हाय. सांगितलं तेवढं काम करती. मेथी बोलती लई, काम न्हाई. लसूण दारापर्यंत येतो अन परत जातो."

हैदराबादच्या कुणा पाहुण्यानं पत्ताकोबीचं पान बांधायला सांगितलं. तेही केलं. पान बांधून ओट्यावर पाय पसरून डोळे मिटून बसले. समोरच्यांची शेळी आली आणि पान ओढून घेऊन गेली. स्वामींची आरोळी पार मोंढ्याच्या बाजारात ऐकू गेली. पुढं कुणी पत्ताकोबीचं नाव काढलं की म्हणायचे, "त्याचा गुण शेळीला आला."

मला विचाराल तर गुण कशानं यायचा ते मला माहीत नाही. दुखणं यायचं, काही दिवस राहायचं आणि जायचं. जाताना जे औषध चालू असेल त्याला मान मिळायचा.

माझे सासरे तीर्थ पळीनं घेत नसत, फुलपात्र भरून घेत. एका सोमवारी स्वामी अंगठ्याचं एरंडेल न पुसताच घाईत आले. पाय धुतल्यावर तीर्थावर तवंग आला. सासरे म्हणाले, "आज तीर्थाला काय तेज आलंय!" आणि पुन्हा मागून घेतलं. त्या दिवशी ते परसाकडून घरात असे आलेच नाहीत. आले की परत निघायचे. स्वामींना कळल्यावर मला वाटलं, ओशाळतील. कसले! म्हणाले, "बघ अक्का, माझं एरंडेल किती खालिस हाय. पायाला लावलं तर पोटात काम करतं."

नवऱ्यानं एकदा त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तूरडाळ कमी करा म्हणाले आणि दुखेल तेव्हा अंगठ्याला कुणाचा हात लागू देऊ नका म्हणाले. गोळ्या स्वामींनी घेतल्या. डाळीवरून भांडून आले. "लातुरात राहून तूरडाळ सोडू? मग भिक्षेच्या झोळीत लोकांनी काय घालायचं?" हात लावू देऊ नका, यावर मात्र चकार शब्द बोलले नाहीत.

एरवी कोकलणारा हा माणूस पूजेत कधी आवाज काढायचा नाही. पाठ ताठ, नजर आढ्याकडं. डोळ्यांतून मात्र पाणी वाहायचं. बायका हात जोडून म्हणायच्या, "स्वामींना भक्तीचा पाझर फुटला." मी समोर बसून पाय चोळणारी. पाझर कुठून फुटला ते मला दिसत होतं. पण ताठ बसायचे, ते कौतुकच होतं. तसं कुणी बसून दाखवावं.

मग दुष्काळ आला. श्रावण सगळा कोरडा. टँकर आला की गल्लीत हंड्यांची आणि भांडणांची रांग. सगळ्यांनी मिळून ठरवलं की यंदा पाय धुवायचे नाहीत. लांबूनच फूल वाहायचं, पाया पडायचं, झालं. पाणी वाचेल आणि स्वामींचा अंगठाही वाचेल. हा अंगठ्याचा मुद्दा माझा. मला तो फार पटला होता, म्हणून सांगायलाही मीच गेले.

स्वामी दारात बसून गुळवेल ठेचत होते.

"शरणार्थ स्वामी. यंदा सुटलात. पायाला कुणी हात लावणार न्हाई."

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. "कुणी ठरवलं?"

"गल्लीनं. पाणी कुठं हाय धुवायला?"

"थांब, अंगठ्याला विचारतो," म्हणाले. पण खाली बघितलंच नाही. माझ्याकडंच बघत राहिले. "न्हाई म्हणतोय."

"अवो, त्याच्याच भल्याचं हाय!"

"त्याला स्वतःचं भलं कळत असतं तर असा सुजला असता का?"

मी चिडून घरी आले. नवऱ्याला म्हटलं, मान कमी होईल म्हणून हटून बसलेत. दुसरं काय असणार?

सोमवारी सकाळी सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. स्वामी येत होते. पाय जिल्हा झालेला, घोट्यापर्यंत लालभडक. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला लोटा. टँकरचं त्यांच्या वाट्याचं प्यायचं पाणी. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, लोटा सांभाळायचे, पुढचं पाऊल टाकायचे. कुणी लोटा धरायला गेलं तर देत नव्हते. थेंब सांडू दिला नाही. आमच्या घरात येऊन पाटावर बसले आणि लोटा माझ्यापुढं ठेवला.

"पाणी माझं हाय. आता धुवा."

माझी सून शोभा नवी होती, कंधारची. तिची पहिलीच पूजा, म्हणून परातीपुढं तिला बसवलं. पोरगी कामाला दणकट. पितळी घागर चिंचेनं घासावी तसा पाय घासायला लागली. स्वामींची नजर आढ्याला, पाठ ताठ, डोळ्यांतून धारा. शोभानं वर बघितलं आणि हात झटकन मागं घेतले.

"आत्या, पाय तापलाय की वो! अन हे रडालेत!"

"का थांबलीस माय?" स्वामी म्हणाले. "धू."

"दुखतंय की तुम्हाला."

"दुखतंय तर. म्हणून काय सोडून देतीस?"

मग मात्र मी बोलले. "स्वामी, हा कसला हट्ट? पाणी तुमचं, पाय तुमचा, ठणका तुमचा. आम्ही लांबून पाया पडलो असतो तर तुमचा मान काय कमी होणार होता?"

स्वामी आढ्यावरची नजर खाली आणून अंगठ्याकडं बघायला लागले.

"मान लई हाय, अक्का. त्याची कमी न्हाई. समदे लांबून पाया पडतात अन जातात. ताप आला तर कपाळावर हात माझाच. एरंडाचं पान मीच बांधतो, मीच सोडतो. दुसऱ्या माणसाचा हात अंगाला लागतो, तो ह्या श्रावणातल्या सोमवारीच." मग हसले. "तेवढ्यासाठी दुखलं तर दुखू दे की."

सासऱ्यांनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं.

मी रडणारी बाई नाही, तेव्हाही रडले नाही. शोभाला म्हटलं, "सरक." पदर खोचला आणि परातीपुढं बसले. लोट्यात थोडं पाणी उरलं होतं, ते ओंजळीत घेतलं. पण माझे हात भांडी घासून, दळण दळून खरबरीत झालेले. ते एकदम पुढं करवेनात.

मग मी खाली वाकले आणि त्या सुजलेल्या अंगठ्यालाच विचारलं, "काय रे, लावू का हात?"

स्वामी मान खाली घालून ऐकत राहिले. "बरं, बरं," म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं.

"हो म्हणतोय."