धक्क्याला न लागणारी बोट

एका जंगलात, मुलांनो, इतकी थंडी पडायची की लांडग्याची आरोळी घशातच गोठायची. जंगल पार उत्तरेकडचे. मधून एक रुंद खाडी गेलेली. अर्धे जंगल या काठाला, अर्धे त्या काठाला, आणि सोयरेधायरे दोन्हीकडे.

दंताजी नावाच्या बीव्हरने लाकडे कुरतडून एक तराफा बांधला. "बसा, पलीकडे सोडतो," एवढेच तो म्हणायचा, आणि सोडायचा. आजच्या बोट कंपनीचा सांगण्याजोगा इतिहास खरे तर इथेच संपतो. पण एवढ्याशा इतिहासावर कंपन्यांचे भागत नाही.

दंताजीच्या मुलांनी मोठ्या बोटी केल्या. नातवांनी शेजारच्या वॉलरसांची कंपनी गिळली. दर गिळण्याला नवा रंग आणि नवे नाव. पांढरी 'उत्तरलक्ष्मी' निळी होऊन 'उत्तरराणी' झाली, मग तांबडी होऊन 'उत्तरसम्राज्ञी' झाली. बोट तीच, तिचे गळणारे छप्परही तेच. भिंतीवरच्या यादीत ताफा सात बोटींचा होता. खाडीत मोजाल तर तीन.

लहानसहान तराफे कंपनीने विकत घेतले आणि चुलीत घातले. पूर्वी हिवाळ्यात खाडी गोठली की प्राणी पायी पलीकडे जायचे. आता बोटी रोज बर्फ फोडत, म्हणून तीही वाट बंद झाली. याला प्रगती म्हणतात. शाळेत विचारले तर असेच सांगा.

या काठावर धवला नावाची एक सशीण राहत होती. तिची थोरली बहीण कापशी त्या काठाला. बर्फावर घसरून कापशीचा पाय मोडला होता. झाडाची साल खरवडायला तिला काठी सोडून उभे राहता येईना, आणि बिळातला साठा संपत आलेला. धवलाने वाळल्या गवताचा भारा बांधला, त्यात पाल्याचे औषध खोचले आणि ती 'उत्तरसम्राज्ञी'त चढली.

बोटीवर काय नव्हते? वाफेची न्हाणी होती, नाच होता, आणि लांबच लांब भोजनगृह होते. अस्वले, लांडगे, रानमांजरे ताटांवर तुटून पडली होती. धवला भारा पोटाशी धरून कठड्याला उभी राहिली.

पलीकडचा धक्का दिसू लागला. धक्क्यावर काठीचा आधार घेऊन कापशी उभी होती. बोटीने भोंगा वाजवला, एक झोकदार वळण घेतले आणि ती परत निघाली.

धवलाला वाटले, काहीतरी बिघडले. तिने भोजनगृहात धाव घेतली. एक अस्वल वाढपी सीलला विचारत होते, "पलीकडचा काठ आला का?"

"आला आणि गेला," सील म्हणाला.

"बरं. मग अजून दोन मासे आण."

धवला तडक कंपनीच्या कारभाऱ्याकडे, कोल्ह्याकडे गेली. "कोल्हेसाहेब, बोट धक्क्याला लागलीच नाही."

"आता लागत नाही, ताई. प्रवासी उतरले की खाणं थांबतं. पंगत चालू असताना माणूस उठवू नये, तसंच हे. शिवाय एकाचीही तक्रार नाही."

"मी करतेय ना."

"तुम्ही काही खाल्लंत?"

"नाही."

"मग तुम्ही प्रवासी कशा?" कोल्हा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरेच गोंधळला होता, आणि धवलाला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोटीत बसली. तिसऱ्या दिवशीही. रोज तिला वाटे, आज तरी दोर टाकतील. तिने भारा फेकून पाहिला. तो मधल्या पाण्यात पडला आणि बोटीखाली गेला. तिने नवा बांधला. पोहावे म्हटले तर त्या पाण्यात ससा दहा हातही तगला नसता. कापशी रोज धक्क्यावर येई, रोज जास्त वाकलेली दिसे, आणि पंजा उंच करून हलवत राही. मदतीलाच बोलावत होती ती.

प्रवाशांना मात्र हे फार आवडले. "काय गोड सशीण आहे! निरोप द्यायला येते बघा," असे म्हणत ताटे हातात घेऊन सगळे कठड्याशी यायचे आणि तिला पंजे हलवून दाखवायचे. धवला ओरडून सांगायची, "अहो, ती उपाशी आहे!" रानमांजर म्हणायचे, "हळू बोला हो, पोरं घाबरतात."

नवव्या दिवशी धक्का रिकामा होता.

आता मात्र बोटीवर खळबळ माजली. अस्वलाने घास खाली ठेवला. लांडग्यांनी कोल्ह्याला गाठले. "करमणुकीच्या यादीत लिहिलं आहे, काठावरून सस्नेह निरोप. कुठे आहे निरोप? ही फसवणूक आहे."

आजवर कोणत्याही तक्रारीचा निवाडा कंपनीने इतक्या झटपट केला नव्हता. दहाव्या दिवशी 'उत्तरसम्राज्ञी' कित्येक दिवसांनी पलीकडच्या धक्क्याला लागली, पण फळी कंपनीच्या नोकराखेरीज कोणासाठी टाकली नव्हती. डोक्याला सशाचे खोटे लांब कान बांधलेला एक सील तेवढा उतरला. त्याच्यामागे धावलेल्या धवलाला दोन लांडग्यांनी धरून ठेवले.

फळी वर घेतली. सीलने पंजा हलवला. सगळ्या बोटीने पंजे हलवले आणि पंगत पुन्हा बसली.

"बघा ताई," कोल्हा समजुतीने म्हणाला, "आली की नाही तुमची बहीण?"

तात्पर्य : पलीकडे जायचेच असेल, तर बोटीत बसू नये. बोटीत बसलात, तर पोटभर जेवावे. काठावर कोणी पंजा हलवताना दिसले, तर आपणही हलवावा. त्याला काय हवे ते विचारून इतरांच्या तोंडची चव घालवू नये.