पगारे सरांचा दगड

पगारे सरांच्या पँटच्या उजव्या खिशात ओळंबा असतो. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला पितळी वजन बांधून सोडतात, तोच. एका लग्नात सर आहेर द्यायला स्टेजवर गेले आणि त्यांनी नवरदेवाच्या खांद्याजवळ ओळंबा सोडला. "डावीकडे दोन सूत कललाय," ते वधूच्या वडिलांना म्हणाले. "चालेल. पुढे आणखी कलेल."

आम्ही दोघांनी बावीस वर्षं एकाच शाळेत चित्रकला शिकवली. स्टाफरूममध्ये दोघांत एक कपाट, वरचा कप्पा माझा, खालचा त्यांचा. मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले की सर मागच्या रांगेत एक डोळा मिटून दोरी धरायचे. कुणी स्तुती करो वा टीका, त्यांचं उत्तर एकच, "असं म्हणताय? बघावं लागेल."

मी त्यांना हसायचो. चारचौघांत, जरा जास्तच. कारण त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि हे शाळेत फक्त दोघांना कळत होतं. दुर्दैवाने त्यातला एक मी होतो.

मग मुठेच्या काठाने शिल्पांची वाट करायचं ठरलं. फिरायच्या रस्त्यालगत दहा शिल्पं. आम्ही दोघांनी अर्ज केले, दोघांचीही निवड झाली. मी स्टीलचा अकरा फुटी पक्षी केला. नाव 'उड्डाण'. सरांनी कमरेएवढा काळा दगड घेतला आणि त्यात जेमतेम काही कोरलं. वाकून बसलेली पाठ, पुढे झुकलेली मान. चेहरा नाहीच.

"सर, अर्धवट राहिलंय का हे?"

"असं म्हणताय? बघावं लागेल."

लोक माझ्या पक्ष्याच्या चोचीला स्वेटर अडकवून पळायला जायचे. एक आजोबा त्याचा पंख धरून बैठका काढत. सरांच्या दगडाजवळ मात्र चालणारे हळू होत आणि जाता जाता त्या पाठीवरून हात फिरवत. कुणी सांगितलं नसताना! माझ्या बायकोनेही फिरवला, माझ्यादेखत. "किती दमलीये हो ही," म्हणाली. पक्ष्याकडे बघून म्हणाली, "पुसायला अवघड जात असेल नाही?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढचं कबूल करायला मला तीन वर्षं लागली. बुधवार पेठेतून मी शेंदराची पुडी आणली, तेलात कालवली आणि उजाडता उजाडता नदीवर जाऊन त्या झुकलेल्या डोक्यावर एक फराटा ओढला. झेंडूची दोन फुलं ठेवली. बस. बाकीचं काम पुणं करणार होतं. शेंदूर लागलेला दगड आपल्याकडे एकटा राहत नाही.

आठवड्यात नारळ आला. मग उदबत्तीचं घर. शनिवारी तेल. कुणी मारुती म्हणे, कुणी म्हसोबा. पाठ, मान सगळं शेंदराखाली गेलं. हात फिरवणारे आता चपला काढून लांबूनच नमस्कार करू लागले.

सरांच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात देव नाहीत. त्यांच्याच हातून देव घडला. शेंदूर कालवताना मी हे विसरलो नव्हतो, तेही लिहून टाकतो.

ते चिडतील, भांडतील, म्हणून मी रोज सकाळी बघायला जाऊ लागलो. सर बादली, फडकं आणि बांबूची पट्टी घेऊन येत. भक्तांना म्हणत, "आपलं होऊ द्या, मग मी." आणि फक्त मान खरवडून साफ करत. वीतभर. बाकीचा शेंदूर तसाच.

एकदा फुलं घेऊन आलेल्या बाई कडाडल्या, "अहो, देवाला खरवडताय काय?"

"मान भरून येते हो. मोकळी ठेवावी लागते."

बाईंना ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मान सोडून फुलं वाहू लागल्या.

नंतर आम्ही दोघं कठड्यावर बसून त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायचो. पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत कप दोन असत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी विचारलं, "सर, मानच का?"

"आई आहे ती. पेठेत चार घरची भांडी घासायची. मोरीशी अशी बसायची. मी शाळेतून येऊन मागून तिच्या मानेवर गार हात ठेवायचो. म्हणायची, ठेव अजून थोडा वेळ." सरांनी कपात फुंकर घातली. "मोरीच्या पुढे घ्यायचे नाहीत तिला. आता चपला काढून पाया पडतात. गंमत आहे. पण देव नव्हती हो ती. देवाची मान दुखत नाही."

मी कप कठड्यावर ठेवला. "सर, पहिला शेंदूर मी लावला."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"फराटा उजवीकडून डावीकडे ओढलेला होता. बावीस वर्षं तुम्हाला डाव्या हाताने फळ्यावर चित्रं काढताना बघितलंय."

"मग बोलला का नाहीत?"

सरांनी थर्मासचं झाकण सावकाश फिरवलं. "बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबला असता. बावीस वर्षांत माझं काम बघायला एकदा तरी आलात का? त्या दिवसापासून रोज आलात."

मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला, एक डोळा मिटला आणि लांबवर दिसणाऱ्या माझ्या पक्ष्यासमोर दोरी धरली.

"तीन सूत कललाय," ते म्हणाले. "उडणाऱ्यानं कलावंच. चांगला आहे हो."

त्यांनी फडकं माझ्याकडे दिलं. "गुडघे वाकत नाहीत आज. बघा जरा."

मी मागे जाऊन मान खरवडली, पुसली. पाणी गार होतं. माझा हातही. तो तिथेच थोडा वेळ राहू दिला.