सबनीसकाकांची मागची खोली

अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ, नवरी मान खाली घालून उभी, आणि हॉलच्या मागच्या बाजूने एक हात वर होतो. "एक हरकत आहे." अशा वेळी काय शांतता पसरते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. माझ्या सासऱ्यांनी जवळचा खांब धरला. नवरदेवाची काही भानगड आहे की काय, या शंकेने त्याच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. हरकत एवढीच होती, की मागच्या रांगांना अक्षता पोचलेल्या नव्हत्या. "त्या वाटून घ्या आणि मग पुढे चालवा," असं म्हणून सबनीसकाका शांतपणे खाली बसले. भटजींनाही काय सुचलं कोण जाणे, ते खरोखरच थांबले आणि माझ्या नणंदेच्या लग्नाचा मुहूर्त टळला.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत कोणाकडेही कार्य असलं की काकांना पहिल्या रांगेत बसवायची पद्धत पडली. मान म्हणून नव्हे. पुढे बसलं की मागचं दिसत नाही. त्यावरही काकांनी हरकत घेतलीच, की पहिली रांग वयस्कर माणसांसाठी असते आणि मी त्यात मोडत नाही. तेव्हा त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती.

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर आमची सोसायटी. तळमजल्यावर एका भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे सबनीसकाका. विम्याच्या ऑफिसात जन्म गेलेला, उंच, किडकिडीत माणूस. शर्टाचं गळ्याचं बटण भर मे महिन्यात लावलेलं. कारखान्यांकडून वारा आला की अख्खी सोसायटी खिडक्या ओढून घ्यायची. काका खिडकी उघडून वास कसला आहे ते नीट हुंगायचे आणि कारखान्याला फोन करायला आमच्याकडे यायचे. पलीकडे जो कोणी फोन उचलेल त्याला आधी "जेवण झालं का?" असं विचारायचे. मग हरकत. मला वाटतं, कारखान्यातले ते लोकही त्यांच्या फोनची वाट बघत असावेत, कारण कधी कधी तिकडूनच विचारणा व्हायची, "काका, आज वास नाही का आला?"

पेपर आला की लोक पहिलं पान वाचतात, खेळाचं वाचतात. काका जाहीर नोटिसा वाचायचे. रस्तारुंदी, बसचा मार्ग बदलणं, बाजाराची जागा हलवणं, जिथे म्हणून शेवटी 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असं असेल तिथे काका हजर. मी एकदा म्हटलं, "काका, ती छापायची पद्धत असते. कोणी खरंच का मागवतं?"

"वहिनी, मागवल्यात त्यांनी," काका म्हणाले. "माणसाने आपल्याला काही विचारलं तर उत्तर द्यायला नको?"

मग कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर घरी केलेल्या आलेपाकाचा छोटा डबा घेऊन निघायचे. डबा साहेबांसाठी. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसतो म्हणून. एकदा नवरात्राच्या आधी ठाण्याला टेंभी नाक्याच्या रहिवाशांची बैठक होती, तर हे डोंबिवलीहून तिथे. तिथल्या साहेबाने विचारलं, "तुम्ही मानपाडा रोडला राहता. टेंभी नाक्याच्या लाउडस्पीकरचा तुम्हाला काय त्रास?" काका म्हणाले, "त्रास काही नाही. सूचना आहे." आणि अर्धा तास बोलले. साहेबांनी आलेपाक खाल्ला, असं परत आल्यावर मला कौतुकाने सांगितलं. सूचनेचं काय झालं ते मी विचारलं नाही.

ही खोड माझ्या नणंदेच्या लग्नाच्याही आधीपासूनची. मालतीकाकू होत्या तेव्हा भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. "आमटीत मीठ कमी आहे. हरकत." लगेच काकूंचं, "नोंदवली. पुढे?" "पुढे काही नाही." की भात कालवल्याचा, ताट सरकवल्याचा आवाज. मूलबाळ नव्हतं. दोघंच होती आणि दोघांत मिळून भरपूर कामकाज चालायचं. काकू गेल्या आणि काकांच्या हरकती घरातून बाहेर पडल्या, आधी जिन्यापर्यंत, मग वॉर्ड ऑफिसपर्यंत, मग ठाणे-कल्याणपर्यंत. टीव्ही होता तो त्यांनी वॉचमनला देऊन टाकला. का, तर म्हणे ते एकतर्फी बोलतात, त्यात हरकत घ्यायची सोय नाही.

असा माणूस सोसायटीला एरवी डोकेदुखी. पण एकदा आम्हाला त्यांची गरज पडली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ठाण्याहून आमच्या बाजूला एक हलकी रेल्वे आणायचं घाटत होतं. दोन-तीन डब्यांची छोटी गाडी, खांबांवरच्या पुलावरून जाणारी. ती आजतागायत आलेली नाही, पण त्या वेळी ती उद्याच येते आहे असं वातावरण होतं. आखणी आमच्या इमारतीच्या अगदी पाठीमागून, नाल्याच्या कडेने. गाडी हवी सगळ्यांनाच होती. पण रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या स्वयंपाकघराशी खडखडाट कोणाला हवा? आमचे सेक्रेटरी पाटकर यांनी चौकशी करून बातमी आणली, की पुलाला आवाज अडवणारी उंच भिंत घालतात, पण सगळीकडे नाही. जिथे माणसांना त्रास होईल असं पर्यावरणाच्या अहवालात ठरेल, तिथेच. तेव्हा आम्हाला ती भिंत मिळवायची होती. बस, एवढंच.

अहवालासाठी आधी आत्ताचा आवाज मोजायचा होता. होणाऱ्या रुळांना सगळ्यात जवळची खोली म्हणजे सबनीसकाकांची मागची खोली. तिथे एक अख्खा दिवस आणि रात्र यंत्र ठेवणार, असं कळल्यावर पाटकरांनी तातडीची मीटिंग बोलावली.

"त्या दिवशी इमारतीत चिटपाखराचाही आवाज येता कामा नये," पाटकर म्हणाले. "आत्ता जेवढी शांतता दिसेल, तेवढा उद्या गाडीचा आवाज मोठा ठरेल. भिंत आपोआप मिळाली समजा."

सगळ्यांना ते फार हुशारीचं वाटलं. काका तेवढे उभे राहिले. "हरकत आहे. आवाज जसा आहे तसा मोजू द्या. ही लबाडी आहे."

"काका, तुम्ही जनसुनावणीत बोला. इथे गप्प बसा," पाटकर म्हणाले, आणि ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. शांततेचा ठराव टाळ्यांनी.

तो दिवस मी विसरणार नाही. कुकर कोणी लावला नाही. अख्ख्या इमारतीने पातेल्यात शिजवलेलं अर्धं कच्चं वरण खाल्लं. पाण्याच्या टँकरला लांब रस्त्यावरच उभं करून लोकांनी अनवाणी बादल्या वाहिल्या. भंगारवाल्याला वॉचमनने फाटकातच हाताने गप्प केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्याला त्याच्या आईसकट माहेरी कल्याणला पाठवलं. मॅच होती, ती आवाज बंद करून बघितली, आणि विकेट पडली तेव्हा पाटकर तोंडात रुमाल कोंबून नाचले. संध्याकाळी आमच्या ह्यांना शिंक येऊ घातली तर मी उशी दाबून धरली. ते अजून म्हणतात, शिंकेसाठी जीव जाणारा मी पहिला ठरलो असतो.

काही महिन्यांनी अहवाल वॉर्ड ऑफिसात लोकांना बघायला ठेवला. एवढा जाडजूड ग्रंथ कोण वाचणार? काका रोज आलेपाकाचा डबा घेऊन जायचे आणि तिथल्या टेबलाशी बसून वाचायचे. मग एक दिवस लवकर परत आले आणि त्यानंतर गेले नाहीत. जिन्यातला दिवा गेला, काका काही बोलले नाहीत. दुधाला वास आला, काका काही बोलले नाहीत. मला काळजी वाटायला लागली. पाटकरांना माझ्याहून जास्त, कारण सुनावणीत आमच्या वतीने बोलायचं काकांनीच कबूल केलं होतं.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर साहेब, बाजूला अहवालवाले तज्ज्ञ, खाली आम्ही. पहिले बोलले ते जवळच्या गावातले एक आगरी आजोबा. "गारी आना नायतं नको आना, आमचे शेतान खांब रोवाचे आदी आमाला इचारा," एवढंच म्हणून बसले. मग आमचा नंबर आला. काका उठले नाहीत. म्हणून पाटकरच उभे राहिले आणि त्यांनी भिंत मागितली.

तज्ज्ञांनी अहवालाची पानं उलटली. "तुमच्या इमारतीला भिंत प्रस्तावित नाही. सगळ्यात जवळची जी खोली आहे, तिथे दिवस-रात्र मोजणी केली. बोलणं नाही, रेडिओ नाही, काहीच वावर नाही. ती खोली रिकामी आहे असं आम्ही धरलंय. वरच्या मजल्यांवरूनही काही आलं नाही. म्हणजे बरीचशी इमारत बंदच असावी. राहणारं कोणी नसेल तर त्रास कोणाला होणार?"

यंत्र लावायला आलेली मुलगी वेगळी, अहवाल लिहिणारे साहेब वेगळे. मुंबईत बसून त्यांनी नुसते आकडे बघितले होते. आमच्या हुशारीने आम्हीच आमची इमारत रिकामी करून दाखवली होती.

"साहेब, आम्ही मुद्दाम गप्प बसलो होतो," पाटकर भर सभेत बोलून गेले. "कुकरसुद्धा लावला नाही हो कोणी."

हॉलमध्ये हशा पिकला. स्टेजवरचे साहेब मात्र भला माणूस. हसू आवरून त्यांनी विचारलं, "म्हणजे तो दिवस नेहमीसारखा नव्हता. ठीक आहे, दुरुस्ती करता येईल. त्या खोलीत कोण राहतं? ते आलेत का?"

सबनीसकाका उठले. गळ्याचं बटण चाचपलं.

"काका, एरवी तुमच्या खोलीत किती आवाज असतो ते सांगा. पाहुणे, टीव्ही, काय असेल ते. म्हणजे त्या दिवसाची मोजणी बाद करू."

काम झालं होतं. काकांनी नुसतं 'बराच असतो' म्हणायचं होतं. पाटकर खालून हातवारे करत होते. मीसुद्धा मनात म्हणत होते, म्हणा हो काका, एकदाच म्हणा.

काकांनी पाटकरांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी होता तेवढाच असतो."

"म्हणजे?"

"बाकीच्यांनी कुकर लावला नव्हता, ते खरं आहे. माझ्या खोलीत काही बदललं नव्हतं. तुमची मोजणी बरोबर आहे." त्यांनी घसा साफ केला. "फक्त खोली रिकामी नाही. मी राहतो तिथे. त्या दिवशीही मी तिथेच होतो, यंत्राच्या शेजारी खुर्चीत."

हशा कधीच थांबला होता. पाटकरांचे हात खाली आले. ज्या भिंतीला टेकून मी रोज भाजी निवडते, तिच्या पलीकडची ती खुर्ची मला दिसली.

तज्ज्ञ जरा मऊ आवाजात म्हणाले, "पण काका, दिवसभरात एक शब्दसुद्धा नाही नोंदला गेला."

"तेच सांगतोय," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "यंत्र लावायला ती मुलगी आली होती ना, तिच्याशी मी चांगला अर्धा तास बोललो. तिला पाणी दिलं. तिने विचारलं, घर कधी घेतलंत, फोटोतल्या काकू कोण. तिची आई आजारी असते, तेही सांगितलं तिने. एकदा तर हसलो आम्ही दोघं. पण यंत्र तिने जाताना सुरू केलं. ती आल्या आल्या सुरू केलं असतं, तर ते सगळं आलं असतं त्यात."

एवढं बोलून काका उभेच राहिले. कोणीतरी आपल्याला पुढचं विचारेल, असं वाटत होतं बहुतेक त्यांना. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कशावरून हसलात, काका?"