मेश्राम काकांची ट्रायल

मेश्राम काकांवर अन्याय झाला तो गेल्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, इकडे उत्तरेत, आलमबागच्या एका खासगी इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर. गोळी घेतली, लिंगाला ताठरता आली आणि ती उतरतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. खिडकीतल्या माणसानं ती ऐकली, शेजारच्याला बोलावून पुन्हा वदवून घेतली आणि म्हणाला, "अंकलजी, लोग तो इसके लिए तरसते हैं. घर जाइए." काका घरी आले.

काका म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे वर्ध्याचे, सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त, विधुर. ट्रायल घेतल्याशिवाय हा माणूस काही करत नाही. नवी छत्री आधी शॉवरखाली उघडतात. गावाला जायचं तर आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन प्लॅटफॉर्म चालून येतात. माझ्या बहिणीच्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी उड्या मारल्या. मंडपवाला ओरडला, "अंकल, टूट जाएगा." काका म्हणाले, "तो अभी टूटने दो."

आता काका पुन्हा लग्न करताहेत. वधू वर्ध्याच्याच, सुनंदाबाई, अंगणवाडीत होत्या. म्हणजे ट्रायल आलीच. मित्राच्या ओळखीनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या आणि त्या रविवारी पहाटे, घरात एकटेच असताना, एकाच्या जागी दोन घेतल्या. टेस्टिंग फुल लोडवर करायचं असतं म्हणे.

मग थंड पाणी. मग जिना. काका पोटाशी पेपर धरून वर-खाली करत होते. आईनं विचारलं, "भाऊजी, आज जिन्यावर काय?"

"व्यायाम, वहिनी."

इस्पितळातून परत आले ते आमच्या दारात. मी हजरतगंज मेट्रोबाहेर लैंगिक आरोग्याची पत्रकं वाटते. काकांनी तोवर एकही घेतलं नव्हतं, मी दिसले की रस्ता ओलांडायचे.

"जयभीम बेटा. तुह्या त्या कागदात हे येते का?" आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

"येतं काका. चार तासांच्या वर गेलं की इमर्जन्सी. किती झाले?"

काका चपलांच्या रॅककडे बघत म्हणाले, "जास्त."

ऑटोनं त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. खिडकीवर तक्रार मी सांगितली, पूर्ण शब्दांत. रांगेतल्या माना वळल्या, पण काम झालं. डॉक्टरांनी सुईनं अडकलेलं रक्त काढलं, इंजेक्शन दिलं आणि चांगलं झापलं. "और देर करते तो हमेशा के लिए बेकार." पुढं सगळं पूर्ववत होईल का, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

मीही चिडलेच. "एवढी हौस होती तर आधी डॉक्टरला विचारायचं, काका."

काका चादरीची घडी सारखी करत राहिले. "हौस नाही बेटा. सुनंदाच्या पहिल्या नवऱ्याकडून जमत नव्हतं, तरी त्यानं तिले सोडलं ते तुह्यातच खोट आहे म्हणून. माह्याकडून जमलं नसतं, तर तिनं पुन्हा सोतालेच दोष देला असता."

मग म्हणाले, "फोन लाव तिले. आता सांगाच लागन. सांगतो, पण तू इथंच बस."

पहिल्या इस्पितळाच्या खिडकीतल्या माणसाविरुद्धची तक्रार मी दिली आहे. ती माझी लढाई. तुमच्या घरातही गुपचूप गोळी घेणारा एखादा पुरुष असेल. त्याला आजच सांगा, आडवळण न घेता: ताठरता चार तासांवर गेली तर घरी थांबू नका, इस्पितळ गाठा. आणि तो सांगायला तुमच्याकडे आला, तर हसू नका. त्याच्यासोबत जा.