दर सेंटिमीटरला दहा टाके

जगातली कोणतीही वस्तू तिला क्रमांक मिळेपर्यंत अस्तित्वात येत नाही. जकात कचेरीची सगळी इमारत, तिन्ही मजले आणि बंद पडलेल्या लिफ्टसह, या एका सत्यावर उभी आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर होजिअरीच्या टेबलाशी जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे भिंगराव म्हणत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग ते डबा खातानाही काढत नसत. एकवीस वर्षांत सत्तर हजार बनियन त्यांच्या हाताखालून गेले आणि एकही चुकीच्या क्रमांकाने बाहेर पडला नाही. अशी माणसं विरळा असतात, हे एका परीने बरंच आहे.

एका सोमवारी त्यांच्यापुढे चौदा खेळाच्या शर्टांचा खोका आला. मुलींच्या शाळेच्या फुटबॉल संघाने ते परदेशातून मागवले होते: तेरा हिरवे, गोलकीपरचा एक पिवळा, सगळ्यांना कॉलर आणि गळ्याशी दोन बटणं. शनिवारी अंतिम सामना होता आणि एकसारखे शर्ट नसतील तर संघाला मैदानात उतरू देत नाहीत, असं खेळाच्या बाईंनी अर्जात लाल शाईने लिहिलं होतं. गोलकीपर ही भिंगरावांची धाकटी मुलगी, हे मात्र लिहिलं नव्हतं. तसा रकाना नाही.

"बाबा, सोडवाल ना आमचे शर्ट?" मुलीने घरी विचारलं.

"नियमात बसले तर आपोआप सुटतील."

"अहो, पोटची पोर आहे ती," बायको म्हणाली.

"म्हणूनच दोनदा तपासतोय."

क्रमांक ठरवण्याचे नियम अगदी सोपे आहेत. शर्टाची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. (काहीच कळत नसेल तर तोही बाईचाच. शंकेचा फायदा बायकांना मिळाल्याचं खात्याच्या दप्तरी हे एकमेव उदाहरण आहे. वाचकांनी हवं तर आपापली बटणं पाहून घ्यावीत, आम्ही थांबतो.) या शर्टांची डावी बाजू वर होती. मंगळवारी बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "साहेब, मुली घालणार आहेत हो!" भिंगरावांनी त्यांना प्रेमाने समजावलं, "बाई, घालणार कोण हा प्रश्न नाही. बटणं काय म्हणतात, ते पाहायचं."

मग टाके. शर्ट म्हणून मान्यता हवी तर कापडात दर सेंटिमीटरला किमान दहा टाके लागतात. कमी भरले तर तो शर्ट नव्हे, स्वेटर. भिंगरावांनी मोजले, अकरा भरले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने खातरजमा म्हणून मोजले, तर नऊ. विणलेलं कापड ताणलं की टाके पांगतात, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक असतं. पण खात्याच्या परिपत्रकात कापड किती ताणावं ते दिलेलं नव्हतं, त्यामुळे कापड ताणलं जातं हेच मुळी मान्य करता येईना. बुधवारभर दोघे आळीपाळीने ताणत राहिले. संध्याकाळी निघालेला निष्कर्ष असा: माल संशयास्पद, प्रत्येक शर्टाच्या पोटावरून दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून प्रयोगशाळेत धाडावा.

गुरुवारी भिंगरावांनी स्वतः कात्री घेतली. तेरा हिरवे चौकोन निघाले. चौदाव्या, पिवळ्या शर्टाशी त्यांचा हात थांबला. तो कुणाचा, हे त्यांना पुरतं माहीत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की हा खोका उचलावा आणि सरळ घरी न्यावा. मग त्यांनी कापलं. नोंदवहीत लिहिलं: 'कात्री बोथट असल्याने चार मिनिटांचा विलंब.'

शुक्रवारी अहवाल आला. टाके दहा. बरोब्बर दहा! शर्ट शर्टच होते. भिंगरावांना हायसं वाटलं. ते क्रमांकाचा शिक्का उचलणार, एवढ्यात त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. समोर टेबलावर जे होतं त्याला पोटाशी भोकं होती, आणि पोटाशी भोक असलेल्या कपड्याला खात्यात शर्ट म्हणत नाहीत, चिंधी म्हणतात. चिंध्यांवर जकात नाही. (खात्याच्या उदारपणाकडे लोकांचं लक्षच जात नाही.) फक्त त्या जंतुमुक्त असल्याचा दाखला लागतो, तो आरोग्य खातं देतं, आणि आरोग्य खातं शनिवारी बंद असतं.

शनिवारी हिरव्या आणि पिवळ्या चिंध्या गोदामात सुखरूप होत्या. सोमवारी दाखला आला आणि त्या सन्मानाने सोडण्यात आल्या. मुलगी आता घरात वडिलांशी बोलत नाही. भिंगरावांनी तो पिवळा कपडा घरी उलटसुलट पाहिला आणि शिक्का योग्य जागी बसल्याची खात्री करून घेतली.

सामना खेळलाच गेला नाही. समोरच्या संघाला चषक नुसता हातात देण्यात आला, आणि चौदा मुली शाळेच्या गणवेशात कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. हे आम्ही आपण होऊन सांगतो आहोत, कारण तुम्ही काही विचारलं नाहीत. बटणं पाहायला मात्र थांबला होतात. होजिअरीच्या टेबलाशी एक खुर्ची लवकरच रिकामी होणार आहे. अर्ज करा, तुमची निवड झाल्यातच जमा आहे.