सतरा घरं आणि एक सही

रस्ता चुकणं हा प्रकार मला माहीतच नाही! सह्याद्रीतले पस्तीस किल्ले मी नकाशाशिवाय केलेत. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराच्या वरच्या जंगलातली ती तीन तळी म्हणजे माझ्या हिशेबी जेवणानंतरची शतपावली होती.

"विनय, आजच जायला हवं का?" माझ्या बायकोनं, मृणालिनीनं, चौथ्यांदा विचारलं.

तिचंही चूक नव्हतं. साल २००५. सांता क्लारात घर घ्यायला निघालेल्या आमच्या हातून आठ घरं निसटली होती. नववं कसंबसं जमलं होतं. आमची एजंट हिमानी डोंगराखालच्या दुकानात कागद फॅक्स करणार, आम्ही दोघांनी सह्या करून पाचच्या आत परत पाठवायचे. पाच वाजून गेले, की घर दुसऱ्याचं!

"तीनला खाली, साडेतीनला सही!" मी जाहीर केलं. सासूबाई बुधवारी पुण्याला परत चालल्या होत्या. जावयाचा डोंगरातला दरारा त्यांनी बघायलाच हवा होता.

तासभर चढल्यावर झाडी विरळ झाली आणि उघडा कातळ लागला. कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून तिथे वाटेच्या खुणेसाठी दगडावर दगड रचून ठेवलेले असतात.

"विनयराव, इथं जवळ देऊळ आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे दगड कुणी रचले?"

"रचतात लोक!" मी धापा टाकत म्हणालो.

"अगंबाई, इकडेही!" त्या म्हणाल्या आणि जरा मागे पडल्या. गुडघे, दुसरं काय!

तळी मात्र अशी, की बोलती बंद व्हावी. भर जुलैत काठावर बर्फ, पाण्यात पाइनच्या झाडांची उलटी रांग आणि आसपास चिटपाखरू नाही. तिसऱ्या तळ्याशी थालीपीठं खाल्ली आणि दीडला परत फिरलो.

"दगडांच्या खुणा बघत माझ्यामागे या!" मी पुढे झालो. "वा! काय सुबक रचलेत!"

सासूबाई चक्क लाजल्या. "आवडले?"

"आवडले म्हणजे? आज सगळी भिस्त यांच्यावरच!"

त्यांनी ओढणीनं डोळे टिपले. मला वाटलं, वारा बोचला असेल.

एक खूण झाडामागे, दुसरी खडकाच्या सावलीत, तिसरी पार झुडपात. मी आपला इमानदारीत चालतोय! अडीचला आम्ही पुन्हा तळ्याशी. तीनला पुन्हा तळ्याशी! साडेतीनला पोचलो तेव्हा तिथे एक रेंजर उभा होता. शेजारी उन्हानं लालबुंद झालेलं एक अमेरिकन जोडपं. तेही त्याच खुणांमागून गरगर फिरत होतं.

"हू बिल्ट दीज?" रेंजरनं विचारलं.

"सम इडियट!" मी ताबडतोब म्हणालो.

"काय विचारतोय गं तो?" सासूबाईंनी मृणालिनीला विचारलं. तिनं सांगताच त्यांनी अभिमानानं हात वर केला!

"आई, तू?"

"अगं, देवीच्या डोंगरावर रचतात ना? दगडाचं घर रचलं, की आपलं घर होतं. तुमची आठ गेली, म्हणून म्हटलं, सतरा रचून टाकू. चपटे दगड आणि जरा सावली दिसली, की बसले रचत."

"मग बोलायचं नाही का?" मी ओरडलो.

"मनातलं मागणं सांगू नये. आणि तुम्ही तर एकेक घर कौतुकानं बघत होतात!"

रेंजरचा हुकूम झाला: आधी सगळे पाडा, मग वाट दाखवतो. मी लाथा घालत सुटलो. धाड! धाड! प्रत्येक वेळी मागून सासूबाईंचं "अरेरे!" ऐकू यायचं.

दुकानात शिरलो तेव्हा पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. कागद येऊन पडले होते. दुकानातूनच हिमानीला फोन लावला.

"सॉरी विनय," ती म्हणाली, "दुसऱ्या पार्टीनं आत्ताच साइन केलं यार."

मृणालिनी पायरीवर बसून रडायला लागली. मलाही भरून आलं आणि मला भरून आलं, की मी चिडतो.

"बघितलंत आई? तुमच्या दगडांपायी घर गेलं!"

"माझ्या?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर सतरा बांधली. लाथा घालून पाडली कुणी?"

मृणालिनीचं रडणं एकदम थांबलं. आता दोघी माझ्याकडे बघत होत्या.