झिपरीची चिमूट आणि शिंगाडेसाहेबांचा काटा

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. आता जंगल म्हटलं की वाघ आलाच, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की हा वाघ वर्षातून एकदा सलग तीन दिवस झोपायचा. आणि त्याला झोपवायची एक अस्वलीण.

तिचं नाव झिपरी.

मोहाच्या एका जुन्या झाडाखाली झिपरीचा मोठा रांजण पुरलेला होता. चैत्रात फुलं गळली की ती वेचायची, वाळवायची आणि रांजणात आंबत घालायची. तिच्या हातची मोहाची पंचक्रोशीत नामांकित होती. मोहाची म्हणजे काय, ते घरी विचारू नका. विचारलंत तर माझं नाव सांगू नका.

वैशाखाच्या पुनवेला जंगलाची जत्रा भरायची. पहिला घडा वाघोबांचा, असा रिवाज. वाघोबा घडा रिकामा करायचे, मिशा चाटायचे, गुहेत जाऊन आडवे व्हायचे, ते तीन दिवसांनी उठायचे.

हे तीन दिवस म्हणजे गवत खाणाऱ्यांची दिवाळी. हरणांची, भेकरांची, सशांची सगळी लग्नं याच तीन दिवसांत उरकायची. दुसरा मुहूर्तच नव्हता. वाघ जागा असताना वरात काढायची छाती कोणाची?

त्या वर्षी कानोजी सशाच्या घरी लग्न निघालं होतं. त्याची एकुलती एक मुलगी, दुर्वा. कानोजी महिनाभर आधीपासून कोवळं गवत साठवत होता आणि दिवसातून दोनदा झिपरीकडे जाऊन विचारत होता, "मावशी, यंदा फुलं बरी आहेत ना?"

"बरी हायेत रे बाप्पा. तू गवत सांभाळ, वाघ मी सांभाळतो," झिपरी म्हणायची.

तिचं मोजमाप सोपं होतं. सात ओंजळी फुलं. एक पोळं मध. फुलं बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी. आणि शेवटी रानमुळ्यांच्या करड्या पुडीची एक चिमूट. ती पूड करायला तिला आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. चिमूट पडली की तिसऱ्या दिवशी फुलं फसफसायला लागायची. झिपरी रांजणाला कान लावायची. "बोलाले लागला," म्हणायची, आणि निर्धास्त व्हायची.

आता जिथं सगळं नीट चाललेलं असतं, तिथं एक समिती असते. या जत्रेचीही होती. शिंगाडेसाहेब नावाचं सांबर तिचं अध्यक्ष होतं. शिंगं सगळ्यांत मोठी, म्हणून अध्यक्ष. याहून जास्त कारण लागत नाही, हे तुम्हाला मोठेपणी कळेलच.

आणि एक वानर होतं, टिल्लू. जंगलाच्या कडेला माणसांचं एक विश्रामगृह होतं. तिथं उतरलेल्या पाहुण्यांच्या स्वयंपाकाच्या सामानातून टिल्लूनं एक डिजिटल वजनकाटा लांबवला. ताटलीएवढा, चपटा, अगदी स्वस्तातला. पोटात दोन सेल, आणि खिडकीत हिरवे आकडे.

टिल्लूनं काट्यावर एक आवळा ठेवला. आकडा उमटला, बावीस.

"बावीस काय?" शिंगाडेसाहेबांनी विचारलं.

"ग्रॅम, साहेब."

"म्हणजे किती?"

"म्हणजे बावीस, साहेब."

साहेबांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण आवळे नुसतेच खाल्ले, या विचारानं त्यांना लाज वाटली. टिल्लू त्याच दिवशी काटाधिकारी झाला आणि समिती झिपरीच्या रांजणाकडे निघाली.

"किती फुलं घालता?" साहेबांनी विचारलं.

"सात ओंजळी."

"कोणाची ओंजळ?"

"माही. मंग का तुमची घेऊ?"

साहेबांना ओंजळ नव्हती, खूर होते. त्यामुळे प्रश्न त्यांना झोंबला. त्यांनी हुकूम सोडला की यापुढे अंदाजे काही चालणार नाही, सगळं काट्यावर होईल.

झिपरी तशी समजूतदार होती. करा म्हणाली. फुलं काट्यावर चढली. थोडी थोडी करून सात किलो तीनशे वीस ग्रॅम भरली. मध भरला एक किलो ऐंशी. टिल्लू आकडे सांगत होता, साहेब ते पळसाच्या पानावर खुराच्या टोकानं कोरून घेत होते. खरं सांगायचं तर झिपरीलाही गंमत वाटत होती. आपण इतकी वर्षं काय करत होतो, ते तिला पहिल्यांदाच आकड्यांत कळत होतं.

मग तिनं चिमूट काढली आणि काट्यावर ठेवली.

आकडा, शून्य.

"परत ठेवा," साहेब म्हणाले.

तिनं आणखी चिमूट टाकली. शून्य. आणखी टाकली. शून्यच. बाळांनो, स्वस्त काट्याचं हे असंच असतं. त्याला जरा जरा टाकलेलं कळतच नाही. आवळा टाका, बोलेल. चिमूट टाका, ढिम्म. पण समितीला हे कोण सांगणार?

साहेबांनी घसा खाकरला. "ज्याला वजन नाही, तो घटक नाही. शून्य घाला की घालू नका, हिशेब एकच. मग घालायची कशाला?"

"साहेब, ह्या पुडीनंच तं चढते. हे काढान तं शरबत उरन," झिपरी कळवळून म्हणाली.

"काटा काय खोटं बोलतो?"

"काट्यानं कधी पेली हाय का मोहाची?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून त्यावर चर्चा झाली नाही. पूड काढून टाकली. स्वच्छता म्हणून फुलंही उकळून घेतली. रांजणाचं तोंड चिखलानं लिंपून वर साहेबांच्या खुराचा शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी झिपरीनं कान लावला. रांजण गप्प. चौथ्या दिवशी गप्प. पाचव्या दिवशी ती साहेबांकडे गेली.

"साहेब, रांजन मुका हाय."

"त्याला शिस्त म्हणतात," साहेब म्हणाले.

कानोजीला तिनं स्पष्टच सांगितलं, "पोरीचं लगन पुढच्या सालावर टाक. वाघ झोपत नाई यंदा."

कानोजी घाबरला आणि पळत साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला पळसाचं पान दाखवलं. सात किलो तीनशे वीस. एक किलो ऐंशी. कानोजीनं आयुष्यात इतका नेमका आकडा पाहिला नव्हता. त्याला एकदम धीर आला. इतकं बारीक मोजणारे लोक मोठी चूक कशी करतील, असं त्याला वाटलं. हे असं पुष्कळांना वाटतं.

पुनव आली. वाघोबांनी घडा रिकामा केला, मिशा चाटल्या. "गोड आहे यंदाची," म्हणाले, आणि गुहेत जाऊन आडवे झाले.

या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले. झोप येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते नुसते छताकडे बघत पडले. आणि गोड खाल्लं की तोंडाला काहीतरी चमचमीत लागतं, हा तुमचा माझा अनुभव आहे. वाघोबा उठले.

तिकडे कानोजीच्या दारी गोरज मुहूर्त होता. दुर्वाला मामा हाताला धरून मांडवात आणत होता. वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे होते. तेवढ्यात मांडवामागचं गवत हललं.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण मला ते सांगायला आवडत नाही. मामानं दुर्वाला शेजारच्या बिळात ढकललं. त्याला स्वतःला शिरायला वेळ उरला नाही. वऱ्हाड चारी दिशांना पांगलं. नवरदेव नाल्यापलीकडे जाऊन थांबला.

सकाळी कानोजीला मांडवात मामाच्या शेपटीचा एक पांढरा झुबका मिळाला. तो पानात गुंडाळून तो समितीपुढे आला. त्यानं नुसतं पान पुढं केलं.

"काट्यावर ठेवा," साहेब म्हणाले.

टिल्लूनं पानातला झुबका काढून ठेवला.

शून्य.

साहेबांनी पानावर कोरलं, "नुकसान, शून्य." मग थोडा विचार करून पुढे लिहिलं, "वाघोबा जागे राहण्यास काट्याची अस्वच्छ काच कारणीभूत. झिपरी अस्वलीण यांना काटा पुसण्याच्या कामावर नेमावे. मोजमापात त्यांनी लुडबूड करू नये."

झिपरीनं कानोजीच्या पाठीवर पंजा ठेवला आणि त्याला घरी पोचवलं. बिळाच्या तोंडाशी दुर्वा बसली होती. तिच्या कपाळावर लग्नाचं कुंकू अजून तसंच होतं. झिपरीला रडू आलं. मग राग आला. मग ती रानात मुळ्या खणायला गेली.

वर्ष गेलं. पुन्हा फुलं गळली, पुन्हा समिती रांजणापाशी जमली. दुर्वाच्या लग्नाचं पुन्हा ठरलं होतं. कानोजी लांब उभा होता. टिल्लूनं फुलं मोजली. सात किलो तीनशे वीस, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मध मोजला. झिपरीनं काटा पुसला. छान पुसला. मग रांजणावर वाकून तिनं हातातलं फडकं झटकलं.

"थांबा!" साहेब ओरडले. "काय टाकलंत?"

"धूळ, साहेब. काट्यावरची."

"करडी दिसते."

"धूळ करडीच रायते, साहेब."

साहेबांना संशय आला. "टिल्लू, मोजा!"

कानोजीनं डोळे मिटले. फडकं काट्यावर झटकलं. उरलेली सगळी करडी धूळ भुरभुर खाली पडली. समिती वाकून खिडकीकडे बघू लागली.

शून्य.

"शून्य आहे, साहेब," टिल्लू म्हणाला.

"मग काहीच नाही," साहेब म्हणाले. "उगाच काट्यावर घाण नको. तीही रांजणात टाका."

आणि टिल्लूनं स्वतःच्या हातानं ती रांजणात टाकली. रांजण लिंपला. वर शिक्का बसला.

तिसऱ्या दिवशी झिपरीनं कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग ती कानोजीला हाक मारून म्हणाली, "जा, पोरीला हळद लाव."

वाघोबा त्या वर्षी पाच दिवस झोपले. चिमूट जरा जास्तच पडली होती. दुर्वाचं लग्न झालं, वरात निघाली, आणि वरात मुद्दाम गुहेसमोरून नेली. आतून घोरणं ऐकू येत होतं.

सहाव्या दिवशी समितीनं काट्याचा जाहीर सत्कार केला. त्याला हार घातला. हार फार जड नव्हता, तरी काट्यानं त्याचं वजन एकशे चाळीस ग्रॅम सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंगाडेसाहेब भाषणात म्हणाले, "मोजमाप अचूक असलं की वाघसुद्धा झोपतो."

झिपरी शेवटच्या रांगेत बसली होती. सत्कार संपला तेव्हा तिनं उठून काटा पुसला.

तात्पर्य: बाळांनो, स्वस्त काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. तो कधीच चुकत नाही. फक्त तो पुसायला एक म्हातारी अस्वलीण ठेवावी, आणि तिनं फडकं कुठं झटकलं, हे पाहू नये.